अप्पांची आठवी निवडणूक

दिले कुणी ते ठाऊक मजला, घेतले तेही ठाऊक रे ।
न देता न घेता उरले हाती, त्याचा धनी मग कोण रे ॥

तबलजी, जरा सावकाश घ्या. शब्द पुढे पळाले आणि अर्थ देवळाबाहेर चपला शोधत राहिला, असं व्हायला नको.

मंडळी, ऐका. माणसाला दिलेलं कळतं. आईनं घास दिला, गुरुजींनी अक्षर दिलं, सासऱ्यानं मुलगी दिली – कळतं ना? घेतलेलंही कळतं. शेजाऱ्याची कोयती चार दिवसांसाठी आणली, तिला आता आपल्याच माळ्यावर गंज चढला, तरी ती आपली नव्हे हे कूस बदलताना बरोबर आठवतं! अडचण तिसऱ्याची आहे. कुणी दिलं नाही, आपण हिसकावलं नाही, आणि तरीही हातात येऊन पडलं. शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा आपल्या अंगणात पडला. शेजारी घरी नाही. आंबा कुणाचा?

"खाल्ला त्याचा" – कोण म्हणालं ते? मागून आवाज आला. असू द्या, खरं बोललात. बहुतेक जग त्याच हिशेबानं चालतं.

पण हा प्रश्न एका माणसाला उत्तरायुष्यभर चावला, आणि तो माणूस पुराणातला नाही, आपल्या खारेबंदरातला आहे. मुकुंदराव सातार्डेकर. तुमचे आमचे अप्पा. त्यांना जाऊन आज वर्ष झालं. हे कीर्तन त्यांच्या लेकीनं, मंदाताईंनी, ठेवलं आहे. त्या तिथे खांबाला टेकून बसल्या आहेत. कीर्तन ठरवायला गेलो तेव्हा त्यांनी एकच अट घातली. म्हणाल्या, "स्तुती नको. ती फलकांवर भरपूर झाली. लोक आठ म्हणायचे आणि अप्पा सात म्हणायचे, तेवढं का ते सांगा."

तेवढंच सांगतो.

अप्पा पहिली निवडणूक लढले तेव्हा त्यांचा वकिलीचा काळा कोट नवा होता आणि सायकल जुनी. दोनदा नगरपरिषदेवर निवडून गेले. मग आमदारकी. आमदारकीला सहा वेळा उभे राहिले, पाच वेळा आले, एकदा पडले. आणि साठी उलटल्यावर, मुंबईचा आणि आमदार निवासातल्या चहाचा कंटाळा आला म्हणून, परत गावात येऊन नगराध्यक्ष झाले. त्या खेपेला नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडायचा असा नियम होता. दोन, पाच आणि एक. बोटं मोजा. आठ! सरकारदरबारी आठ, वर्तमानपत्रात आठ, कार्यकर्त्यांच्या घोषणेत आठ. अप्पांना विचारलं की ते म्हणायचे, "सात वेळा आलो, एकदा पडलो." पडलेलं कधी चुकवत नसत. पण आलेल्यातलं एक गाळायचे. आता राजकारणातला माणूस, मंडळी, आपला पराभव सांगतो आणि विजय लपवतो – असा प्राणी तुम्ही पाहिला आहे का? म्हणून लोक म्हणायचे, वय झालं, विसरतात.

विसरत नव्हते.

ही गोष्ट अप्पांची, तशी आणखी एका माणसाची आहे. पंढरी मोंडकर. अप्पांचा शाळेपासूनचा सोबती. जेटीच्या वरच्या अंगाला त्याचं घर. पूर्वी होड्यांची शिडं शिवायचा, होड्यांना इंजिनं आली तेव्हा ताडपत्र्या शिवायला लागला. हा पंढरी अप्पांच्या विरुद्ध सहा वेळा उभा राहिला आणि सहाही वेळा पडला. पक्ष नाही, झेंडा नाही. अपक्ष. त्यामुळे दर खेपेला चिन्ह नवं. एकदा छत्री मिळाली, पुढच्या वेळी कपबशी, त्याच्या पुढे शिडी. त्याला मत देणारी म्हातारी माणसं शिडीच्या साली छत्री शोधत बसायची आणि तिसऱ्यावरच शिक्का मारून यायची!

कुणीतरी त्याला विचारलं, "पंढरी, येणार नाहीस हे तुलाही ठाऊक. मग उभा कशाला राहतोस?"

पंढरी मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "माझ्यासाठी नाय रवत. मुकुंदाक पाच वर्षांनी एकदा घराघरात जावक लागाक व्हया. मी नाय उभो रवलंय, तर तो आमची दारां विसरतलो."

ऐकलंत? आपण विरोधक म्हणतो तेव्हा शत्रू म्हणतो. हा माणूस आपल्या मित्राला लोकांची दारं आठवत राहावीत म्हणून स्वतः पडत होता. अशी मैत्री आपल्याला परवडेल का, बघा.

आणि अप्पा आमदारकीला पडले ना, तेव्हा ते पंढरीकडून पडले नाहीत. तिसराच कुणीतरी आला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पंढरी तणतणत अप्पांच्या घरी. अप्पांना वाटलं, सांत्वनाला आला. पंढरी दारातूनच म्हणाला, "मुकुंदा, लाज नाय तुका? पडाचाच होता तर माझ्या हातान पडाचा. त्या परक्याच्या हातान पडलंस?"

आता कौलाचं सांगतो. इथल्यांना ठाऊक आहे, पण घाटावरून आलेले पाहुणे बसले आहेत, त्यांच्यासाठी. आपल्या रवळनाथाला काही विचारायचं तर गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या दोन पाकळ्या लावतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. तीर्थाच्या पाण्यात भिजवून लावायच्या, त्या पाण्यानंच त्या धरतात. मग सगळ्यांनी हात जोडून बघत बसायचं. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नको म्हणाला. निवडणुकीच्या आधी उमेदवारानं कौल लावायचा, ही गावची रीत. पण रीतीत एक मर्यादा होती. "मी येईन का?" असं देवाला विचारायचं नाही. "मी उभा राहू का?" एवढंच विचारायचं. आणि एकाचा कौल असला की दुसऱ्यानं हजर राहायचं.

बरं, आपला देव असा, की दर खेपेला अप्पांना उजवा आणि पंढरीलाही उजवा! लोक हसायचे, "देवालाही निवडणूक बघायला आवडते."

आता त्या आठव्या विजयाकडे, नगराध्यक्षाच्या निवडणुकीकडे येऊ. अप्पांनी आमदार असताना नवी जेटी आणली होती. चांगलं काम. पण जेटीला जागा हवी म्हणून मासळीबाजार उचलला आणि टेकडीच्या पलीकडे नेला. कागदावर अंतर काहीच नव्हतं. डोक्यावर बर्फातल्या मासळीची पाटी घेतली की ते अंतर लांबतं, हे कागदाला कळत नाही. कोळणी चिडल्या. अप्पांनी चार वेळा समजूत घातली, सरकारी भाषेत. पंढरीनं समजूत घातली नाही. त्यानं एक जुनी ताडपत्री नेली, टेकडीच्या चढावर मध्येच चार बांबूंवर बांधली, म्हणाला, "हंय बसा वायच, मगे चढा." आणि स्वतः त्यांच्यात जाऊन बसला.

झालं! वारं फिरलं. जो माणूस सहा वेळा पडला होता, तो सातव्यांदा येणार, हे गावातल्या मांजरालाही कळलं. अप्पांनाही कळलं. चाळीस वर्षं मतं मागणाऱ्याला दारातूनच कळतं – लोक 'या बसा' म्हणतात पण पाट सरकवत नाहीत. घरी येऊन मंदाताईंना एवढंच म्हणाले होते, "या वेळी कठीण आहे बाय."

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी पंढरीचा कौल. हाच गाभारा. हेच खांब. अप्पा रीतीप्रमाणे आले आणि पंढरीच्या शेजारी उभे राहिले. सोमा गुरवानं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा महाराजा, आज तुझो पंढरी तुझ्या पायाशी इलो हा. गावाच्या खुर्चेक उभो रवाचा म्हणता. तुझी मर्जी आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी, पण तेच्या मनाक समाधान दी महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

सोमानं दोन पाकळ्या तीर्थात बुडवल्या. उजवी लावली. डावी लावण्याआधी त्याचा हात खांद्यावरच्या पंच्यावरून फिरला. अगदी सहज, घाम पुसावा तसा. मग डावी लावली.

पुसलेली पाकळी धरेल कशी? खाली आली.

पंढरीला तीस वर्षांत पहिल्यांदा डावा कौल मिळाला होता. त्यानं डोळे मिटले, हात जोडले, म्हणाला, "देवाची मर्जी." आणि मागे न बघता पायऱ्या उतरला.

सगळ्यांनी पंढरीकडे पाहिलं. पंच्याकडे फक्त अप्पांनी पाहिलं होतं. वकिलाचा डोळा! तो पाकळीकडे बघत नाही, हाताकडे बघतो.

दिवेलागणीला अप्पा परत देवळात आले. एकटे. त्यांची खात्री होती की हे आपल्याच कार्यकर्त्यांनी केलं. रागानं त्यांचे कान तापले होते. सोमा वाती वळत बसला होता.

"सोमा, पाकळी पुसलंस."

सोमानं वात खाली ठेवली. नाही म्हणाला नाही.

"कोणी सांगल्यान? आमच्या पोरांनी?"

"तुमच्या पोरांनी सांगल्यानी असता तर तेंच्याच टकलेर नारळ फोडलो असतो," सोमा म्हणाला. "वहिनी इली होती. पंढरीची. पाय धरल्यान माझे."

मंडळी, अप्पा त्याच्या शेजारी येऊन बसले. पुढचं सोमानं सांगितलं ते असं. पंढरीला छातीत कळ येत होती. त्याला वाटत होतं, वायू झाला. तो ओवा चावायचा आणि मशीनवर बसायचा. शेवंतीकाकीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कसंतरी करून त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, काळीज दमलं आहे. उन्हातान्हातून फिरला, टेकडी चढला, तर कधी थांबेल सांगता येत नाही. तिनं घरी येऊन नवऱ्याला निवडणूक सोड म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही, घाबरेल म्हणून. नुसतं "यंदा नको" म्हटलं. पंढरी हसला. बायकोचं तो ऐकणार नव्हता. डॉक्टरचंही नाही. या जगात तो एकाचंच ऐकायचा, आणि तो गाभाऱ्यात बसला होता.

"म्हणून देवाक खोटा बोलाक लावलंस?" अप्पांनी विचारलं.

सोमानं वात परत उचलून पीळ दिला. मग म्हणाला, "देवाक नाय लावलंय. पाकळेक लावलंय. देवान काय ता आपल्या मनात ठेवल्यान आसतला."

यावर तुमच्याकडे उत्तर आहे?

आता अप्पांच्या जागी बसा, मंडळी. दुसऱ्या दिवशी तीन वाजेपर्यंत अर्ज भरता येणार. पंढरीला खरं सांगितलं तर तो उठेल, अर्ज भरेल, गाव पालथा घालेल, आणि कदाचित निवडून येईल, कदाचित टेकडीवरच पडेल. खरं नाही सांगितलं तर पंढरी जगेल, पण त्याचा हक्क आपण गिळला. दोन पारडी झाली. आणि या दोन पारड्यांच्या मागे, भिंतीला टेकून, एक खुर्ची उभी आहे. ती काही बोलत नाही. पण ती तिथे आहे. खुर्ची नसती तर अप्पांना निवडणं सोपं होतं. माणसाची पंचाईत होते ती कधी? धर्म काय ते कळत नाही तेव्हा नव्हे. धर्मानं वागलं आणि फायदाही झाला, की तेव्हा!

सकाळी अप्पा पंढरीच्या घराकडे निघाले ते सांगायचं ठरवून. पंढरी पडवीत मशीनवर ताडपत्री शिवत होता.

"ये मुकुंदा," तो म्हणाला. "अभिनंदन आता करू, काय तीन वाजल्यार?"

अप्पा बाकावर बसले. "अजून वेळ आसा. अर्ज भर."

"देवान नको सांगल्यान."

"परत एकदा कौल लाव."

"देव काय कोर्ट आसा? हंय हरलंय, म्हणून वरच्या कोर्टात जावक?" पंढरी हसला. "तू वकील तो वकीलच रवलंस."

मशीन चालू होती. अप्पांनी धीर करून विचारलं, "वायट वाटला?"

"पडाची सवय आसा माका. पडल्याचा कधी वायट वाटूक नाय." पंढरीनं कापड सरळ केलं. "पण ह्या खेपेक, मुकुंदा, मी निवडून येणार होतंय. कोणी म्हणाक नाय तोंडार, पण माका कळत होता."

"माकाय कळत होता," अप्पा म्हणाले.

पंढरीचा पाय मशीनवरच थांबला. "खरा सांगतंस?"

"खरा सांगतंय. मी पडणार होतंय. तुझ्याच हातान."

मंडळी, त्या वेळी पंढरी मोंडकर हसला. सहा वेळा पडलेला माणूस ज्या गोष्टीची वाट बघत होता, ती त्याला मतपेटीतून नाही, मित्राच्या तोंडून मिळाली. त्याचा चेहरा असा झाला, की कधी ते न सांगता अप्पा मंदाताईंना म्हणायचे, पंढरीचा एकदा पाहिला तसा चेहरा मी कुठल्याच विजयी मिरवणुकीत माझा पाहिला नाही.

आता अप्पांच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. "कौल खरा नव्हता पंढरी." एवढंच. चार शब्द.

तेवढ्यात शेवंतीकाकी चहा घेऊन दारात आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. "भावजी, चाय घेवा," म्हणाली. अप्पांनी कप धरला. पण तिनं आपला हात सोडला नाही. कपाला दोन हात, एक तिचा, एक अप्पांचा. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी विनवलं नाही, काही नाही. नुसता कप सोडला नाही.

पंढरी म्हणाला, "अगो सोड, सांडवतलंस."

अप्पा म्हणाले, "साखर बरोबर आसा वहिनी." अजून घोटही घेतला नव्हता. तिला कळलं. तिनं हात काढून घेतला आणि आत गेली.

अप्पांनी चहा प्यायला. उठले. "येतंय," म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

आता ऐका, कारण आख्यानाचा प्राण इथे आहे. आतापर्यंत काय झालं? एका बाईनं नवऱ्याचा जीव मागितला, एका मित्रानं तो दिला. चांगलंच झालं. इथेच थांबलो तर तुम्ही डोळे पुसत घरी जाल, नारळ फोडू, प्रसाद वाटू. पण अप्पा पायऱ्या उतरले आणि त्यांच्या लक्षात आलं, की पाय हलके पडताहेत. येताना जड होते. आता ते जवळजवळ चालत नव्हते, तरंगत होते. आणि त्या गल्लीत, भर सकाळी, चाळीस वर्षं राजकारण केलेला माणूस जागच्या जागी थांबला. हे पाय हलके कुणाच्या सुटकेनं झाले? शेवंतीच्या, की माझ्या?

त्यांनी मन उघडून पाहिलं. दोन्ही होतं. एकात एक मिसळलेलं, दुधात पाणी मिसळतं तसं. दूध किती, पाणी किती, ते सांगणारा गवळी जगात नाही!

तीन वाजले. दुसरा अर्ज आला नाही. अप्पा बिनविरोध. ढोल आले, गुलाल आला, पोरांनी अप्पांना खांद्यावर घेतलं. गुलाल त्यांनी नाकारला नाही, कारण नाकारला असता तर का, ते सांगावं लागलं असतं. घरी येऊन अंघोळ केली आणि न जेवता बसून राहिले.

नगराध्यक्ष झाल्यावर पहिल्याच सभेत त्यांनी मासळीबाजार परत जेटीवर आणायचा ठराव केला. पंढरी जे करणार होता, तेच केलं. स्वतःची चूक स्वतःच्या सहीनं पुसली. थोडं नव्हे हे. लोक म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस.

बाजार परत सुरू झाला त्या दिवशी अप्पा बघायला गेले. तिथे आनंदीबाय तांडेल बसायची. तुम्ही पाहिली असेल, सुरमई कापताना समोरच्या गिऱ्हाईकाची सगळी वंशावळ कापायची. अप्पांना वाटलं, ही तरी दोन शब्द बरे बोलेल.

आनंदीबाय म्हणाली, "बाजार परत दिलंस, बरा केलंस."

अप्पा हसले.

"पण माझा बोट बघ." तिनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं, मतदानाला शाई लावतात ते. बोटावर खवले चिकटले होते. "कोरडा आसा. मी तुका पाडूक जाणार होतंय. नवी साडी काढून ठेवलेलंय. तू भलो माणूस आसस, तू दिलंस. पण माका मागाचा होता. आमच्या बोटाची शाई खाल्लंस तू मुकुंदा."

तिला कौलाचं काही ठाऊक नव्हतं, पाकळीचं नाही, चहाचं नाही. तरी तिनं नेमकं तिथेच बोट ठेवलं जिथे दुखत होतं. अप्पा इतके दिवस विचार करत होते, मी पंढरीचं काय घेतलं. शेवंतीला काय दिलं. माझं काय राहिलं. तिघांचा हिशेब. आणि चौथी बाजू होती सगळ्या गावाची, ती त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. बाजार परत मिळणं वेगळं, आणि तो आपण मिळवणं वेगळं. बाजार त्यांना मिळाला. पण ज्याच्या हातून तो गेला त्याला नाही म्हणायचा एक दिवस येतो, पाच वर्षांनी एक, तो दिवस त्यांना कुणी परत दिला नाही. देताही येत नाही.

त्या दिवसापासून अप्पा सात म्हणायला लागले.

पंढरी पुढे नऊ वर्षं जगला. काकीनं टेकडी चढू दिली नाही, पण संध्याकाळी जेटीवर जाऊन बसायचा. अप्पाही जायचे. दोघे म्हातारे होड्या मोजत बसायचे. आणि अधूनमधून पंढरीला लहर आली की तो म्हणायचा, "त्या खेपेक देव आडवो इलो रे. नायतर तुका पाडलो असतो."

अप्पा म्हणायचे, "पाडलो असतंस."

दर वेळी. "बघू", "कोण जाणे", "कदाचित" – असलं काही नाही. "पाडलो असतंस." राजकारणातल्या माणसाच्या तोंडून, मंडळी, नऊ वर्षं!

पुढे नगरपरिषदेनं अप्पांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भाषणं. निवेदक म्हणाला, "आठ वेळा जनतेनं ज्यांना निवडून दिलं..." अप्पांनी माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "सात." सभागृह हसलं. मंदाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर त्यांनी रागानंच विचारलं, "अप्पा, चार लोकांत असं का करता? आठ नाही का?"

अप्पा शालीची घडी घालत होते. म्हणाले, "आठवी लोकांनी दिली नाही बाय. ती माझ्याकडे राहिली."

बस. यापेक्षा जास्त नाही. लेकीलाही नाही. कारण सांगितलं असतं तर सोमाचं नाव आलं असतं, शेवंतीचं आलं असतं.

मग सोमा गेला. पंढरी गेला. गेल्या वर्षी अप्पा गेले. बाराव्या दिवशी शेवंतीकाकी काठी टेकत मंदाताईंकडे आली आणि तिनं हे सगळं सांगितलं. म्हणाली, "तुझ्या बापाशीन माझो घोव नऊ वर्षां राखलो."

मंदाताई म्हणाल्या, "मग काकी, त्यांनी ते आपल्या खात्यात धरलं का नाही? पुण्य म्हणून तरी?"

काकीनं हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मियां तरी खंय धरलंय? नऊ वर्षां तो देवाक दोष देय होतो, आणि मी बाजूक बसून वाती करी होतंय."

काकी आज इथे आहे. बायकांच्या रांगेत बसली आहे. मी तिला विचारलं, हे देवळात सांगू का? म्हणाली, "सांग. मी मेल्यार नको. माझ्या देखत सांग."

मंडळी, तुम्ही मनात म्हणत असाल, अप्पांनी केलं ते बरोबर की चूक? सोमा बरोबर की चूक? मी न्यायाधीश नाही, आणि आपल्याला ठाऊकच आहे, इथे वरचं कोर्ट चालत नाही. पंढरी जगला ते चांगलं झालं. तरीही ते अप्पांचं नव्हतं. दोन्ही खरं. अप्पांनी एवढंच केलं, की जे हातात राहिलं त्याला आपलं म्हटलं नाही. आयुष्यभर म्हटलं नाही.

पण आपण खुर्चीवर बसलेलो नाही, आपल्याला काय त्याचं – असं म्हणून उठू नका. थांबा जरा. पुढे बसलेले बाप्ये, तुम्हालाच विचारतो. आपापल्या घरात तुम्ही किती वर्षं बिनविरोध आहात?

हसू नका. बायका हसताहेत, त्यांना कळलं. सासूबाई, तुम्हीही. घर कुठे बांधायचं, मुलीला कुठे द्यायचं, जमीन विकायची की ठेवायची, जेवायला कधी बसायचं – सगळं तुमच्या मनासारखं झालं. कुणी आडवं आलं नाही. तुम्ही म्हणता, घरात एकी आहे. असेल. पण कधी विचारलंत का, की आडवं यायला कुणी निघालं होतं, आणि उंबऱ्यावरूनच परत फिरलं? तुमच्या रागाला भिऊन, तुमच्या आजाराला जपून, तुमच्यावरच्या मायेनं? त्यांनी तोंड उघडलं नाही, त्याला तुम्ही होकार समजलात. आणि होकारावर होकार रचून स्वतःला कर्ता पुरुष म्हणवलंत.

आज घरी गेल्यावर एवढं करा. जेवणं झाली की सगळ्यांना बसवा आणि विचारा, "मी जे ठरवलं, त्यात तुमच्यापैकी कुणाला कधी नाही म्हणायचं होतं का?" बरेच जण लगेच म्हणतील, छे, काहीतरीच काय. त्यांना झोपायला जाऊ द्या. एखादं माणूस काही बोलणार नाही, खाली बघत राहील.

त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि ते बोलेपर्यंत, रवळनाथाची शपथ, तुम्ही बोलू नका.